जर-तरचा हिशेब

१७ जून १९८६. न्यूयॉर्कमधल्या एका सभागृहात बावीस वर्षांचा एक उंचापुरा तरुण हसतमुखाने उभा होता. डोक्यावर हिरवी टोपी, समोर छायाचित्रकारांची झुंबड. त्याचे नाव लेन बायस. अवघ्या नऊ दिवसांपूर्वी एन.बी.ए.चे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे, विजेतेपद मिळवणाऱ्या बॉस्टन सेल्टिक्स संघाने त्याला निवडले होते. हिरवा हा त्याच संघाचा रंग.

एन.बी.ए.मध्ये दरवर्षी असा निवडीचा समारंभ होतो. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून नावारूपाला आलेले खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात. याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या दिवशी लेनचे नाव दुसऱ्या क्रमांकावर पुकारले गेले. ६ फूट ८ इंच उंचीचा हा खेळाडू मेरीलँड विद्यापीठाकडून खेळायचा आणि आपल्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लागोपाठ दोन वर्षे गौरवला गेला होता. जाणकार त्याची तुलना थेट मायकेल जॉर्डनशी करत.

दुसरा दिवस त्याने वडिलांबरोबर बॉस्टनमध्ये घालवला. नव्या संघाच्या लोकांना भेटून झाले, बुटांच्या कंपनीशी करार करण्याची बोलणी झाली. रात्री बापलेक घरी परतले. थोड्या वेळाने लेन मित्रांना भेटायला विद्यापीठाच्या वसतिगृहावर गेला. आनंद साजरा करायचाच होता. पण त्या आनंदात कोकेन आले. १९ जूनच्या सकाळी तो खोलीतच कोसळला. कोकेनमुळे हृदयाची लय बिघडली होती. रुग्णालयात नेऊनही उपयोग झाला नाही. निवड होऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

तेव्हापासून बास्केटबॉलचे रसिक एकच प्रश्न विचारत आले आहेत. लेन जगला असता तर? लॅरी बर्डसारख्या मुरलेल्या खेळाडूंच्या जोडीला हा ताज्या दमाचा गडी आला असता, तर सेल्टिक्सने आणखी किती विजेतीपदे मिळवली असती? प्रत्यक्षात पुढच्या विजेतेपदासाठी त्या संघाला २००८ सालापर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात, १९९३ च्या जुलैमध्ये, त्याच संघाचा २७ वर्षांचा कर्णधार रेजी लुईस हाही सराव करताना कोसळला आणि हृदयविकाराने गेला.

१९८६ च्या त्या यादीवरून नुसती नजर फिरवली तरी मन खिन्न होते. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला क्रिस वॉशबर्न अमली पदार्थांच्या नादी लागला. तीन वेळा चाचणीत सापडल्यावर १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. सातव्या क्रमांकाचा रॉय टार्प्ली मैदानात उतरला की प्रतिस्पर्ध्यांना घाम फुटायचा, पण दारू आणि अमली पदार्थांपुढे त्याचे काही चालले नाही. वयाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, तो वारला.

काहींचा तर काहीच दोष नव्हता. लिथुएनियाचा ७ फूट ३ इंचांचा अर्विदास साबोनिस याच यादीत होता. परंतु सोव्हिएत राजवटीच्या काळात त्याला अमेरिकेत जाऊन खेळता आले नाही. त्यातच टाचेचा स्नायुबंध तुटला. तो एन.बी.ए.मध्ये पोहोचला तेव्हा १९९५ साल उजाडले होते. वयाची तिशी उलटली होती आणि पायांतली जुनी चपळाई गेली होती. तरीही त्याच्या हातातले कसब पाहून लोक थक्क होत आणि हळहळत.

क्रोएशियाचा द्राझेन पेत्रोविच साठाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. सुरुवातीला त्याला बाकावरच बसवून ठेवले. त्याने धीर सोडला नाही, घाम गाळला आणि पुढे एका सामन्यात सरासरी २२ गुण करणारा खेळाडू म्हणून नाव कमावले. नेमक्या त्याच भरात, ७ जून १९९३ रोजी, जर्मनीतल्या महामार्गावर मोटारीच्या अपघातात तो गेला. वय २८.

‘जर-तर’ला तसा अर्थ नसतो, असे आपण म्हणतो. पण लेनच्या बाबतीत या जर-तरने साऱ्या देशाला कामाला लावले. एवढा धडधाकट मुलगा एका रात्रीत जातो, या धक्क्याने अमेरिका हादरली. अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा हवा, अशी ओरड झाली आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये तो झालाही. पण घाईत भलताच तोल ढळला. कोकेनचाच ‘क्रॅक’ हा स्वस्त प्रकार ५ ग्रॅम सापडला, तरी किमान पाच वर्षे तुरुंगवास. तेवढ्याच शिक्षेसाठी पूड मात्र ५०० ग्रॅम सापडावी लागे. वास्तविक लेनचा जीव घेतला तो पुडीने. या कायद्याखाली प्रामुख्याने कृष्णवर्णीय तरुण वर्षानुवर्षे तुरुंगात गेले. म्हणजे ज्याच्या नावाने हळहळ झाली, त्याच्याच समाजातली घरे रिकामी झाली. ही तफावत २०१० मध्ये कमी करण्यात आली, तीही पूर्णपणे नाही.

राग आला की समाज शिक्षा वाढवतो. लेनच्या आईने दुसरा मार्ग धरला. लोनीस बायस शाळाशाळांतून बोलू लागल्या. मुलांना आणि पालकांना त्या आपल्याच घरात घडलेले सांगत. मुलाचे नाव ज्या लाजिरवाण्या कारणाने वर्तमानपत्रांत आले, ते झाकून ठेवणे त्यांना सोपे गेले असते. त्यांनी ते उघड सांगितले.

एवढ्यावर दैव थांबले नाही. डिसेंबर १९९० मध्ये त्यांचा दुसरा मुलगा जे, वय २०, तोही बास्केटबॉल खेळणारा, दुकानातल्या एका क्षुल्लक वादानंतर गोळीबारात मारला गेला. दोन्ही भावांना शेजारीशेजारी पुरले आहे. लोनीस आणि त्यांचे पती जेम्स मग बंदुकींच्या हिंसाचाराविरुद्धही बोलू लागले. लेन जिवंत राहून जे करू शकला नसता ते त्याच्या जाण्याने केले, असे ती माउली म्हणत आली. हे म्हणायला तिला काय सोसावे लागले असेल, याची कल्पना कोणत्याही आईला येईल.

आपण नापास झालेल्या मुलाकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. त्याची जेवणखाण, त्याचा उतरलेला चेहरा, सारे टिपतो. पण पहिला आलेला, मोठी नोकरी मिळवलेला मुलगा मित्रांबरोबर बाहेर पडला, की घर निर्धास्त झोपते. आता याची काय काळजी, असे वाटते. लेनचे वडील तर दिवसभर त्याच्याबरोबर होते. त्यांना कुणी दोष देऊ नये. तरीही त्या रात्रीतून घ्यायचे ते हेच, की यशाच्या रात्रीही मुलाला घराची गरज असते.

रसिक हुकलेल्या विजेतीपदांचा हिशेब मांडत राहतील. पण घरात हुकते ते वेगळेच. लेन जगला असता, तर १९८६ च्या नोव्हेंबरात त्या घरात त्याचा तेविसावा वाढदिवस साजरा झाला असता.