किताब

‘किताब’ हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. पोलंडच्या पूर्व सीमेवर राहणाऱ्या एका छोट्या समाजात तोच शब्द हस्तलिखितांच्या एका विशिष्ट प्रकारासाठी रूढ आहे, हे कळले तेव्हा दूरचा नातलग अवचित भेटावा तसे मला झाले. त्या शब्दाचा माग काढीतच मी क्रुशिन्यानी या खेड्यात पोहोचलो.

ब्याविस्तोक शहर मागे टाकून पूर्वेकडे निघाले की पाईनची राने आणि रेताड शेते लागतात. पुढे रस्त्याच्या दुतर्फा लाकडी घरे, आणि काही किलोमीटरांवर बेलारूसची हद्द. १६७९ मध्ये राजा तिसरा यान सोब्येस्की याने आपल्या सैन्यातील तातार घोडेस्वारांना थकलेल्या वेतनाच्या बदल्यात येथे जमिनी दिल्या. त्यांच्या नायकाचे नाव होते सॅम्युएल मुर्झा क्शेचोव्स्की. पहिले नाव बायबलमधले, ‘मुर्झा’ म्हणजे आपल्या परिचयाचा मिर्झा, आणि आडनाव अस्सल पोलिश!

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकालातील येथील मशीद लाकडी आहे, हिरव्या रंगाची. दोन मनोऱ्यांमुळे ती दुरून खेड्यातले चर्चच वाटते. जवळच टेकडीवर दफनभूमी आहे. तिला ‘मिझार’ म्हणतात. आपल्या ‘मजार’चेच हे रूप. तेथल्या शिळांवर अरबी, पोलिश आणि रशियन अक्षरे आढळतात. १७९५ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेला, १८०७ मध्ये रशियाकडे, पहिल्या महायुद्धानंतर पोलंडकडे, १९३९ मध्ये सोव्हिएत संघाकडे, १९४१ मध्ये जर्मनांकडे. युद्ध संपल्यावर तो पुन्हा पोलंडमध्ये आला आणि सीमा जवळ येऊन थांबली. गाव मात्र आपल्या जागेवरच होते.

या तातारांच्या पूर्वजांनी आपली तुर्की कुळातील भाषा सोळाव्या शतकातच गमावली होती. शेजाऱ्यांची बेलारूसी आणि पोलिश त्यांची झाली. परंतु धर्मकथा, आचार आणि प्रार्थनांचे अर्थ या नव्या भाषांत लिहून ठेवताना त्यांनी लिपी अरबीच ठेवली, आणि अरबीत नसलेल्या स्लाव्ह ध्वनींसाठी जुन्या अक्षरांना नवी चिन्हे जोडली. हेच त्यांचे किताब. अरबी-मलयाळम किंवा अरबी लिपीतील तमिळ ज्यांच्या अभ्यासात आले आहे त्यांना यात नवल वाटू नये.

माझ्या मनात मात्र वेगळीच खंत जागी झाली. आमच्या घरी आजोबांनी जपलेले मोडी कागदांचे एक दप्तर आहे. भाषा माझीच, आणि मला त्यातली एक ओळही वाचता येत नाही. तातारांनी भाषा गमावून लिपी राखली. आम्ही भाषा राखली आणि लिपी हातची जाऊ दिली. मराठीचा अध्यापक म्हणवून घेताना ते दप्तर मला अवघडून टाकते. समाजाचे सातत्य त्याच्या भाषेत असते, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. क्रुशिन्यानीने त्या विधानाचा पाया हलवला.

हे सातत्य सुखाने लाभलेले नाही. २०१४ मध्ये कोणी या मशिदीच्या भिंतीवर डुकराचे चित्र काढले आणि शिळाही विद्रूप केल्या. २०२१ मध्ये स्थलांतरितांच्या प्रश्नावरून सीमेलगतच्या पट्ट्यात आणीबाणी पुकारली गेली. २०२२ मध्ये सीमेवर साडेपाच मीटर उंचीचे पोलादी कुंपण उभे राहिले.

त्याच २०२१ च्या हिवाळ्यात, सीमेवरच्या रानांत आणि नदीत मरण पावलेल्या काही परदेशी मुसलमानांना जवळच्या बोहोनिकी या तातार खेड्याच्या मिझारमध्ये माती देण्यात आली. मृतांची बोली माती देणाऱ्यांची नव्हती. प्रार्थनेचे शब्द मात्र दोघांचे एकच होते. शतकानुशतके किताबांची नक्कल करीत राहिलेल्या हातांनी नेमके काय राखले होते, ते मला तेथे उमगले. परतल्यावर मी मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे.