फट आणि छिद्र

"बीजाणू कच्चे आहेत, बाकी काही नाही," असं बाह्य परीक्षक प्रबंधाची पानं उलटत म्हणाले, तेव्हा माझी स्लाइड सूक्ष्मदर्शकावर लावलेलीच होती. त्यांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही. २०१० चा एप्रिल. ती गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

एम. एस्सी.चा प्रकल्प होता. आम्ही दोडामार्गकडचे, घरामागे माणगा बांबूचं बेट, खाली पोफळीची बाग. वाळून पडलेल्या काठ्या नि झावळ्यांचे देठ आणायचे, डब्यात ओल्या टिपकागदावर ठेवायचे आणि त्यांवरची बुरशी ओळखायची. बांबू आणि माड-पोफळी दोन्ही एकदल. दोघांचं अंग चिवट, त्यात सिलिका. एका बैठकीत दोन-दोन ब्लेडांची धार जायची. दोघांवर बुरशीची बरीचशी तीच घराणी भेटतात, पण जात ठरवताना जीव मेटाकुटीला येतो.

माझ्याकडे दोन तऱ्हेचे काळे ठिपके होते. पहिला कोळशासारखा ठिसूळ शंकू. टोकाला गोल छिद्र आणि बुडाशी फाटलेल्या सालीचे तुकडे, चांदणीच्या पाकळ्यांसारखे. ही ॲस्ट्रोस्फेरिएला. बीजाणू दोन्हीकडे निमुळते, तपकिरी. दुसरा पसरट घुमट. छिद्राच्या जागी लांबट फट, गव्हाच्या दाण्यावर असते तशी. बीजाणू बिनरंगी, मधे एक पडदा. पाण्याच्या थेंबात जरा इंडिया इंक सोडली की सगळं काळं व्हायचं आणि प्रत्येक बीजाणूभोवती स्वच्छ उजळ वलय उभं राहायचं. ते त्याचं जेलीसारखं आवरण. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हात धरून ओढत आणलं होतं.

कोवळेपणी तपकिरी बीजाणूही बिनरंगी असतात, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून तर मी फटीतून बाहेर पडून सालीवर सांडलेले बीजाणू मुद्दाम तपासले होते. तेही बिनरंगीच होते. पिकल्याशिवाय बाहेर कशाला पडतील? "सर, एकदा बघता का?" मी म्हटलं. "एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, त्यात बघायचं काय?" मार्गदर्शक सर गप्प बसले. परीक्षकांपुढे कोण बोलणार! मी निदान काठी तरी त्यांच्यापुढे ठेवायला हवी होती. फट दिसायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, साधं भिंग पुरतं. पण माझ्या हातून काठीचं पाकीट उघडलंच गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर स्लाइड मी लॅक्टोफिनॉलमध्ये कायमची करून ठेवली होती. त्यात आवरण पार नाहीसं झालं होतं. ते वाकले असते तरी वलय त्यांना दिसलं नसतं.

दुसरी जात प्रबंधातून वगळावी लागली. जूनमध्ये प्रयोगशाळेची साफसफाई झाली आणि माझी पाकिटं कचऱ्याबरोबर गेली. कुणी विचारलंही नाही.

२०११ मध्ये 'फंगल डायव्हर्सिटी' या नियतकालिकात एक लेख आला. ॲस्ट्रोस्फेरिएला हे एक घराणं नव्हेच, असं डीएनएवरून दाखवून त्यात फटीने उघडणाऱ्यांसाठी नवी प्रजाती केली होती: फिसुरोमा. नावातच फट. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. मी तर फक्त जात वेगळी म्हणत होते. इथे प्रजातीच वेगळी निघाली.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले, डोळ्यावर विसंबू नका, डीएनए काढा. आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही. बांबूवर नेहमी भेटणारी एपिओस्पोरा घ्या: मसुराच्या डाळीसारखे बीजाणू, कडेने फिकट रेघ. एका बुरशीला एकच नाव, या नियमापायी २०१३ मध्ये ती आर्थ्रिनियममध्ये विलीन झाली. २०२१ मध्ये डीएनएच्याच आधारे दोन्ही पुन्हा वेगळ्या झाल्या. आम्ही लेबलं दोनदा बदलली. काठी तीच होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच: काठी टाकू नका. नीट वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. गाव, तारीख, झाडाचं तिथलं नाव लिहा. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. असा नमुना तिथल्यासारख्या जागी पोचला पाहिजे.

माझा नमुना पोचला नाही. त्यामुळे माणग्यावरची ती बुरशी खरोखर फिसुरोमा होती का, हे आता मीसुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाही. निदान त्या एका काठीपुरते परीक्षक बरोबर असले तर? हा विचार येतो तेव्हा त्यांच्यावरच्या रागापेक्षा जास्त त्रास होतो. अजूनही घरी गेले की मी बेटात पडलेली काठी उचलते आणि ठिपक्यांवरून नख फिरवते. कधी छिद्र लागतं, कधी फट.