सगळ्याच घारी नसतात

भर सकाळी आंब्यात सातभाईंचा गलका चाललेला असतो, बुलबुल बोलत असतात, खार खोडावरून वरखाली करत असते आणि एकाएकी सगळं चिडीचूप होतं. मग शेपटी झटकत खार एका ठेक्यात चिरकू लागते. अंगणातलं कोणीतरी वर बघतं आणि म्हणतं, ‘घार आली.’

वाकड्या चोचीच्या प्रत्येक पाखराला आपल्याकडे हे एकच नाव मिळतं. फार तर ‘ससाणा’. पण घार उघड्या आभाळातली. दुभंगलेली शेपटी या अंगावरून त्या अंगावर वळवत ती तासन्‌तास तरंगते. पानांच्या आडून झडप घालतो तो शिक्रा.

शिक्रा पारव्याएवढा असतो. पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. दाट फांद्यांमधून वळणं घेत उडायचं तर असंच अंग लागतं. नराची पाठ निळसर राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, इतक्या बारीक आणि जवळजवळ की लांबून नुसता तांबूस रंगच दिसतो. डोळे गुंजेसारखे लाल. मादी नराहून मोठी, पाठ तपकिरीकडे झुकणारी, डोळे पिवळे. पिल्लू उडायला लागलं की हा तिसराच कोणी पक्षी वाटावा: छातीवर आडव्या रेघांचा पत्ता नाही, तपकिरी ठिपके आणि उभे फराटे. एकाच घरट्यातली ही तीन रूपं. शिकारी पक्षी ओळखू पाहणाऱ्यानं म्हणूनच रंगावर भिस्त ठेवू नये.

आधी गळा पाहावा. शिक्र्याच्या पांढुरक्या गळ्यावर मधोमध एक रेघ असते, अंधूक, पुष्कळदा दिसतही नाही. तीच रेघ काळी, जाड, ठसठशीत असेल तर तो बेसरा. रेघा तीन, डोळा पांढरट आणि पक्षी माळावरच्या खांबावर निवांत बसलेला, तर तो तिसा. गळ्यावर मधली रेघच नाही, पाय लांब आणि बारीक, आणि दिवस थंडीचे, तर उत्तरेकडून आलेला स्पॅरोहॉक मनात आणावा. पक्षी उडाला तर पंखाच्या टोकाशी फाकलेली पिसं मोजावीत. पक्षीनिरीक्षक त्यांना बोटंच म्हणतात. शिक्र्याची पाच, स्पॅरोहॉकची सहा.

नुसत्या आवाजावर विसंबावं तर कोतवाल पक्षी आडवा येतो. शिक्र्याची तीक्ष्ण हाक तो हुबेहूब काढतो, साळुंक्या जीव घेऊन पळतात आणि त्यांच्या चोचीतून सुटलेला किडा हा पटकावतो.

पण सोंगाची कमाल पाहायची ती पावशाची. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शिवार जागवणारा हा पक्षी पाठीनं राखी, छातीला तांबूस, शेपटीनं पट्टेदार. उडण्याची लयही शिक्र्याचीच: पंखांची भराभर फडफड, मग ते ताणून संथ तरंग, आणि शेवटी खालून वर झेपावत फांदीवर उतरणं. उतरल्यावर शेपटी दोन्ही बाजूंना हलवण्याची लकबसुद्धा तीच. त्याला पाहून लहान पाखरं कालवा करतात. वास्तविक तो कोकिळेच्या कुळातला. त्याची मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात. हे सोंग उघडं पडतं ते चोचीत आणि पायात. पावशाची चोच जवळजवळ सरळ, टोकाशी जराशी झुकलेली. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, फांदी धरण्यापुरती. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यागत वळलेली. पिवळ्या पायांवर काळ्याभोर नख्या, सरड्याच्या, पाखराच्या अंगात रुतण्यासाठीच घडलेल्या.

इतक्या बारकाव्यात कशाला शिरायचं, असं कोणी विचारतं. शिरायचं, कारण यातल्या प्रत्येक नावामागे एक जमीन उभी आहे. शिक्रा शहरातल्या जुन्या झाडावरही संसार थाटतो. बेसऱ्याला आंबोलीसारखं सह्याद्रीतलं गर्द रान लागतं. थंडीत येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गवताला लागून तरंगत फिरतो आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर निजतो. रान तुटलं की बेसरा जातो, शिक्रा तिथेही तग धरतो. माळ नांगरला की भोवत्याचा निजायचा ठाव जातो, वर घारी मात्र फिरतच असतात. सगळ्यांना घार म्हणणाऱ्याला तिथे काही उणं झालेलं दिसत नाही. गिधाडं तर आपल्या डोळ्यांदेखत गेली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मुळावर आलं. 2006 साली त्या वापरावर बंदी आली, तोवर बहुतेक थवे संपले होते.

यासाठी भारी दुर्बीण किंवा कॅमेरा असलाच पाहिजे असं नाही. घराजवळचं एक झाड, गावाबाहेरचा एक माळ नेमानं बघत जा. दिसलेल्या पक्ष्याचा गळा, पाय आणि पंखाची बोटं नीट पाहा आणि नाव, जागा, तारीख वहीत लिहून ठेवा. ज्याची नोंदच नाही, त्याचं जाणंही कोणाच्या ध्यानात येत नाही.