बेसबॉलराव, तुमचा टप्पा कुठंय?

रा. रा. बेसबॉलराव यांस,


आमच्या हिंगोलीत टप्पा न पडता आलेला चेंडू म्हणजे फुलटॉस, आणि फुलटॉस म्हणजे फुकटचा चौकार. रामलीला मैदानावर टेनिस बॉल खेळणारं पोरगंही तो सोडत नाही. तुम्ही तर जन्मभर फुलटॉसच! तरी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पोटापाण्यासाठी बॅट धरणारेही तुमच्यापुढं हात टेकतात. 2024 च्या हंगामात सगळ्या लीगची मिळून फलंदाजीची सरासरी .243 होती. हिशेबात धरलेल्या चार प्रयत्नांत एक फटकाही धड नाही.

याचं कारण त्या टप्प्यातच आहे. क्रिकेटमध्ये टप्प्यावर चेंडूचा वेग थोडा मोडतो आणि फलंदाजानं पुढं जायचं की मागं, हे टप्प्याच्या अंदाजावरून ठरतं. तुम्ही जमिनीला शिवतच नाही. पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची पट्टी ते फलंदाजाजवळची होम प्लेट हे अंतर 18.44 मीटर, त्यात तो झेप घेऊन पुढून फेकतो. ताशी 153 किलोमीटरनं निघालात तर साधारण 0.4 सेकंदात हजर. बॅट फिरवायलाच त्यातले 0.15 सेकंद जातात. म्हणजे तुम्ही वाटेत असतानाच निर्णय झालेला हवा, आणि तुमचं वळण डोळ्यांत भरतं ते उरलेल्या वाटेत. फास्टबॉल वाटतो त्यापेक्षा कमी खाली येतो, कर्व्हबॉल जास्त पडतो, आणि चेंज-अप हाताच्या त्याच झपाट्यानं सुटून उशिरा पोचतो.

आमच्या बॅटला सपाट तोंड, 10.8 सेंटिमीटरपर्यंत रुंद. तुमच्यासाठी गोल दांडका, जाडी फार तर 6.6 सेंटिमीटर. अर्ध्या बोटाची चूक झाली की चेंडू आभाळात नाहीतर मातीत. लेट कट मारून मागं धाडायची सोय नाही. समोरच्या 90 अंशांतच काय ते करायचं.

मायकेल जॉर्डन 1994 साली बास्केटबॉल सोडून बर्मिंगहॅम बॅरन्सकडून तुम्हाला मारायला उभा राहिला. हा संघ मेजर लीगचाही नव्हे, दोन पायऱ्या खालचा. 127 सामन्यांत सरासरी .202, आणि 114 वेळा स्ट्राईक-आउट, म्हणजे तीन ‘स्ट्राईक’ होऊन बाद. ताकद होती, चपळाई होती. रोज तुम्हाला बघून मुरलेली नजर नव्हती.

ती नजर मेजर लीगचे फलंदाज टेड विल्यम्स यांच्याकडं होती. 1941 मध्ये त्यांची सरासरी .406. त्याच वर्षी चार ‘बॉल’, म्हणजे मारायच्या टापूबाहेरचे चेंडू, सोडून पहिला बेस मिळवण्यातही ते लीगमध्ये सगळ्यांच्या पुढं होते. मारणारा मोठा, कारण काय मारायचं नाही हे त्याला ठाऊक.

आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलच्या जोडीला बेसबॉलही आहे. टेनिस बॉलवर वाढलेलं पोर तिथं आलं, की दिसेल त्या फुलटॉसवर तुटून पडणारच. म्हणून पी. टी.च्या सरांना माझं सांगणं आहे: सुरुवातीला बॅट खांद्यावरच राहू द्या. चेंडू येताना पोरानं ‘बॉल’ (टापूबाहेरचा) की ‘स्ट्राईक’ (टापूतला) एवढंच ओरडावं.

तुम्ही वेग कमी करावा, अशी विनंती मी करणार नाही. बाहेरचा चेंडू सोडून पोरगं शांत उभं राहिलं, तर आम्ही कडेला बसलेल्यांनी ‘अरे, मार की!’ म्हणून त्याला हैराण करू नये, ही जबाबदारी आमची.



आपला,
हिंगोलीचा एक फुलटॉसप्रेमी