आठ सत्तेचाळीस

आमच्या गाडीचं नाव आठ सत्तेचाळीस. ती नऊला पाच कमी असताना आली तरी आठ सत्तेचाळीसच. जुलैतल्या एखाद्या दिवशी रुळांवर पाणी साचून सव्वानऊला धापा टाकत आली, तरी डोंबिवलीच्या फलाटावर लेडीज डब्याच्या जागी उभ्या असलेल्या आम्ही बायका "आली गं बाई आठ सत्तेचाळीस" म्हणतो, ओढणी खोचतो आणि पर्स पोटाशी घेतो. मध्ये एकदा वेळापत्रक बदललं. तेच डबे, तीच गर्दी, चौथ्या सीटवरून होणारी तीच कुरकुर, फक्त गाडी आठ एक्कावन्नला लागू लागली. नव्याने येणाऱ्या मुली तिला आठ एक्कावन्न म्हणतात. आम्ही जुन्या अजून पहिल्याच नावाने हाक मारतो. सासरी नाव बदललेल्या मुलीला माहेरी कुणी नव्या नावाने बोलावतं का?

ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, ऐरोलीची गाडी पकडायची आणि दिवसभर कोड लिहायचा, असं माझं गेली बावीस वर्षं चाललं आहे. प्रत्येक टीममध्ये कामं आपोआप वाटली जातात. माझ्या वाट्याला तारखा आणि वेळा आल्या. दृष्ट काढायला जशी आळीत एक ठरलेली आजी असते, तशी आमच्याकडे कुठे तारीख एक दिवसाने सरकली, कुणाचं व्याज एका दिवसाचं जास्त लागलं, की ते माझ्या टेबलावर येतं. मी मीठ-मोहऱ्या घेऊन बसते.

संगणकाला वेळ कळत नाही. तो फक्त मोजत असतो. १ जानेवारी १९७० ला ग्रीनिचच्या मध्यरात्री शून्यापासून सुरुवात करून आजवर किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा त्याच्याजवळ असतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यामुळे कुठल्या अर्जात तारखेची चौकट रिकामी राहिली आणि प्रोग्रॅमने त्या रिकामपणाला शून्य समजलं, की पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असं उमटतं. त्या एका पहाटे जन्मलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या धंद्यात ही तारीख दिसली की कुणी दचकत नाही. इथे माहिती नव्हती, एवढाच तिचा अर्थ.

महाराष्ट्रात अशी आणखी एक तारीख आहे, आणि ती संगणकाच्या या तारखेच्या आधीपासून आहे. १ जून. मूल शाळेत घालायला आलं, बापाला जन्मतारीख सांगता येईना, की गुरुजी मुलाकडे एकदा बघायचे आणि शाळा जूनमध्ये भरते त्या हिशोबाने वय बसेल अशी १ जून ठोकून द्यायचे. माझ्या बाबांची हीच तारीख. खरं म्हणजे ते जन्मले गांधीजी गेले त्या साली, भाताची लावणी चालू असताना. आजीला एवढंच आठवायचं, की त्या दिवशी लावणीला एक माणूस कमी पडलं, आणि ते माणूस म्हणजे तीच.

हे सगळं घरात असूनही मी चूक केली. निवृत्तिवेतनाच्या याद्या तपासणाऱ्या एका प्रणालीत मी नियम घातला होता, की एका गठ्ठ्यात फार जणांची जन्मतारीख एकच निघाली, तर त्या नोंदी संशयास्पद म्हणून बाजूला काढाव्यात. खोटी नावं घुसडणारे आळशी असतात, एकच तारीख सगळीकडे टाकतात, असा माझा तर्क. शहरातल्या माहितीवर नियम चोख चालला. मग खेड्यापाड्यांतल्या याद्या आल्या आणि माझ्या नियमाने म्हाताऱ्यांची रांगच्या रांग दाराबाहेर उभी केली. चूक कळून नियम उठेपर्यंत काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत कुणाच्या औषधाचे पैसे अडले असतील, हे पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. तिथे नुसता एक पिवळा त्रिकोण होता. रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते ताकाचा घोट घेत म्हणाले, "मग आता काय, गुरुजींना नोटीस पाठवणार?"

परवा कोड लिहून देणाऱ्या एका यंत्राला मी मुद्दाम तेच काम सांगितलं. जन्मतारखांमधले खोटे नमुने शोधून दे म्हटलं. अर्ध्या मिनिटात देखणा कोड आला, वर टिपा, खाली चाचण्या. तिसराच नियम माझा होता, जसाच्या तसा. मला हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. बावीस वर्षांपूर्वी मीही अशीच हुशार होते.

आजोबांची लग्नपत्रिका बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. मे १९४४, लालबाग. कागदाला आता चहाचा रंग आला आहे. मुहूर्त सकाळी १० वाजून ४० मिनिटांचा, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'स्टँ. टा.'. लहानपणी मला ते कुठल्या पाहुण्याचं आडनाव वाटायचं. स्टँडर्ड टाइम हा त्याचा अर्थ फार उशिरा कळला, आणि तो छापायची गरज का पडली हे तर त्याहून उशिरा.

भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला सूर्य डोक्यावर आला की देशभर बारा वाजायचे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर ग्रीनिचच्या पुढे बरोबर साडेपाच तास. मुंबई पडली बरीच पश्चिमेला. तिचा सूर्य चार तास एक्कावन्न मिनिटांचा. म्हणजे सरकारने शहराला सांगितलं, की तुमची घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे करा. मुंबईने ऐकलं नाही. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी रेल्वेची मद्रास वेळ शहरावर लादून पाहिली होती, आणि लोकांच्या विरोधापुढे दोन वर्षांत हुकूम मागे घेतला होता. या खेपेला सरकार मागे हटलं नाही आणि शहरही हटलं नाही. रेल्वे आणि तारघर एका वेळेवर, पालिकेची घड्याळं दुसऱ्या. 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकला. जवळपास पन्नास वर्षं या शहरात "किती वाजले?" या प्रश्नाला "कुठल्या टाइमाने?" हे रीतसर उत्तर होतं.

आजोबा गिरणीत होते. त्यांच्यापुरता हा वाद भोंग्याने मिटवलेला असायचा. भोंगा झाला की निघायचं; त्याला स्टँडर्ड कळत नव्हतं आणि मुंबईही कळत नव्हती. पण लग्नाला गावाहून माणसं येणार, ती रेल्वेच्या वेळेने उतरणार, चाळीतली मंडळी घरच्या घड्याळाने तयार होणार, आणि अक्षता तर एकाच क्षणी पडायला हव्यात. म्हणून ती बारीक अक्षरं.

एका रविवारी मेगाब्लॉक होता, कुठे जायचं नव्हतं, म्हणून मी तो मुहूर्त मांडून पाहिला. तेव्हा लक्षात आलं की प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे नेलेली होती. म्हणजे १९४४ च्या मे महिन्यात स्टँडर्ड आणि मुंबई यांच्यात एक तास एकोणचाळीस मिनिटांचं अंतर होतं. पत्रिकेवरच्या १० वाजून ४० मिनिटांना चाळीतल्या घड्याळात जेमतेम ९ वाजून १ मिनिट झालं असणार. आजी सांगायची, "माझं लग्न फार लवकर लागलं गं, पाहुण्यांचा चहासुद्धा झाला नव्हता." आम्ही समजायचो, ती आपल्या वयाबद्दल बोलते आहे.

युद्धातला तो वाढीव तास आज जगभरच्या संगणकांत नोंदलेला आहे. देशोदेशींच्या वेळांचा इतिहास साठवणारी एक सार्वजनिक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली आणि आता पॉल एगर्ट तिची देखरेख करतात. कुठल्या सरकारने कधी घड्याळ हलवलं, हे जुनी राजपत्रं आणि वर्तमानपत्रं चाळून लोक तिच्यात भरत असतात. तुमच्या फोनमधलं घड्याळही या वहीच्या आधाराने चालतं. भारताची नोंद 'एशिया/कोलकाता' या नावाखाली आहे. १९७० पासून ज्या गावांची घड्याळं एक आहेत त्यांना एकच नोंद आणि नाव सहसा त्यातल्या सर्वांत मोठ्या गावाचं, असा तिथला रिवाज. त्यामुळे 'मुंबई टाइम'ला त्या वहीत वेगळं पान नाही. टीममधली नवी मुलं म्हणतात, "मॅम, लायब्ररी आहे ना, कशाला एवढं?" त्यांचं बरोबर आहे. लायब्ररी आहे म्हणून तर आम्हाला रात्री झोप लागते. पण ती वापरताना, हे पान कुणी तरी धुळीत बसून लिहिलं आहे, एवढं त्यांना जाणवावं असं मला वाटतं. त्यांना ते जाणवत नाही, आणि मी ते बोलून दाखवलं की त्यांची नजर हळूच फोनकडे वळते.

आईला प्रमाणवेळेचं कधी कौतुक वाटलं नाही. तिची संकष्टी असते. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'वर चंद्रोदयाच्या वेळा गावागावांच्या निराळ्या दिलेल्या असतात. नागपूर आमच्यापेक्षा सहा अंशांनी पूर्वेला, त्यामुळे मावशीकडे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. महिन्यातून एकदा मावशीचा फोन येतो. "आमचा आला गं, मी बसते जेवायला. तुमचा?" आई गॅलरीत जाऊन समोरच्या टॉवरकडे बघते, कारण चंद्र वर आला तरी टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावरून खाली डोकावायला त्याला आणखी वेळ लागतो. "आमचा अजून लिफ्टमध्ये आहे," ती सांगते.

आणि आमच्या स्वयंपाकघरावर आणखी एका सरकारचा हुकूम चालतो. न्यू जर्सीतल्या लोकांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आमचे संध्याकाळचे साडेसहा. तेवढा कॉल आटोपून मी निघाले, की साडेआठच्या सुमाराला डोंबिवलीत कुकर लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात आणि सोमवारी आमचे साडेसात वाजतात. इथे कुणी कशाला हात लावलेला नसतो. तरी नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे वरणभात उशिरा होतो, मुलगा बिस्किटं खाऊन भूक मारतो, आणि परतीच्या गाडीत मला वेगळ्याच बायका भेटतात. उन्हाळ्यातल्या बायका भाजी निवडतात. हिवाळ्यातल्या डोळे मिटून बसतात. या तासाबद्दल आमच्या ऑफिसात एकही मीटिंग झालेली मला आठवत नाही.

आता माझ्या कामातली सर्वांत दूरची तारीख सांगते. ते सेकंद मोजणारे जुने संगणक आकड्यासाठी बत्तीस बिटांचीच जागा ठेवायचे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. हा आकडा भरेल १९ जानेवारी २०३८ ला. ग्रीनिचला तेव्हा पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला जागा नसल्यामुळे असं यंत्र उलटं फिरतं आणि थेट १३ डिसेंबर १९०१ ला जाऊन उभं राहतं. त्यात साडेपाच तास मिळवून ते आपल्याला सांगेल, की १४ डिसेंबरच्या रात्रीचे सव्वादोन होऊन गेले. तेही चूकच. १९०१ मध्ये प्रमाणवेळ जन्मलेली नव्हती. त्या रात्री, त्या क्षणी, मुंबईच्या घड्याळांत दीड वाजून सहा मिनिटं झाली होती. फरक किती, तर तीच एकोणचाळीस मिनिटं.

नव्या यंत्रांत दुप्पट जागा आहे, तिथे काही होणार नाही. वर्ष दोन हजारच्या भीतीने आमच्या आधीच्या पिढीला कामाला लावलं, तसं हे एका रात्रीत अंगावर येणार नाही. पण भिंतीत बसवलेल्या, तळघरात ठेवलेल्या, कुणी तरी कधी काळी लावून विसरलेल्या लहान लहान यंत्रांच्या पोटात काय आहे हे बघायला अजून कुणाला तरी वाकावं लागेल. आमच्याकडची अशी जुनी यंत्रं शोधून मी त्यांची यादी करायला घेतली आहे. तिच्यातल्या एका रकान्याचं नाव 'कुणाला माहीत आहे' असं आहे, आणि तो बहुतेक रिकामा आहे. या वेळी मी रिकाम्या जागी शून्य धरलेलं नाही.

आठ चव्वेचाळीस म्हणजे आमच्या गाडीला तीन मिनिटं कमी. वेळापत्रक विचारलं तर सात. मी तेव्हा साठीला टेकलेली असेन, बहुधा फलाटावरच. १९ जानेवारी २०३८ ला मंगळवार आहे, कामाचा दिवस.