कुड्याची पारख

वळवाचे दोन शिंतोडे पडतात न पडतात तोच जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर कुडा फुलून पांढराशुभ्र होतो. ‘मेघदूता’तल्या यक्षाने मेघाला वाहिली ती हीच कुटजाची फुलं. वाडीवरची ठाकरीण तीच फुलं खुडते, उकडून पिळते आणि कांद्यावर परतून भाकरीशी वाढते. यक्षापेक्षा तिचा व्यवहार मला जास्त पटतो. पहिल्या पावसात ओहोळाचं पाणी गढुळतं, पोटं बिघडू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमाराला फुलं, मागोमाग कोवळ्या शेंगा कालवणात पडतात. औषध कुठलं आणि भाजी कुठली, ही पंचाईत त्या घरात कुणी करत नाही.

मुरडा होऊन आव पडू लागली की मात्र कुड्याचं पाळ, म्हणजे साल. ताकात उगाळायची. कडू जहर! त्या कडूपणातलं कोनेसिन रसायनवाल्यांनी पुढे वेगळं काढलं.

पण खरी विद्या साल उगाळण्याच्या आधीची, झाड पारखण्याची. रानात कुडे दोन, दोन्ही चिकाचे, दोन्ही पांढऱ्या फुलांचे. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण सुट्या. काळ्याच्या जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली. पांढऱ्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, कडू, काळ्याचे गोडे. काळाही टाकाऊ नाही. त्याचा पाला त्वचेच्या दुखण्यावर लावतात, चन्नपट्टणची खेळणी त्याच्याच लाकडाची. आवेवर मात्र पांढराच हवा. पांढऱ्याची साल एकेकाळी युरोपातही जाई. तीत काळ्याची भेसळ झाली आणि औषधाचंच नाव खराब झालं. साल काढायची तीही एका अंगाने, पट्टीएवढी. चहूकडून सोललं तर झाड उभ्याउभ्या वाळतं.

ही पारख जपणाऱ्या जाणत्यांना त्यांच्या ज्ञानावर कमावलेल्या नफ्यात वाटा मिळावा, अशी तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्याने केली. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाचा वापर त्यातून वगळला. कुटज तर चरकसंहितेत आहेच! म्हणजे कुटजारिष्टाच्या बाटलीवर वाडीवरच्या औषध जाणणाऱ्या भगताचा हक्क सांगायला जागाच उरली नाही. साल मात्र अजूनही वाडीवरच्या बायकाच डोक्यावरून बाजारात आणतात. व्यापारी ती किलोवर घेतो. पांढरा-काळा निवडल्याचे पैसे वेगळे देत नाही.