निर्णय कोणाचा?

अण्णांना अतिदक्षता विभागात ठेवून अकरा दिवस झाले होते. श्वासोच्छ्वासाचे यंत्र काढण्याविषयी डॉक्टरांनी विचारले, "निर्णय कोण घेणार?" दादा माझ्याकडे आणि मी दादाकडे पाहत राहिलो.

मला आठवल्या अरुणा शानबाग. १९७३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या परिचारिकेवर अत्याचार झाला, गळा आवळला गेला, मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नव्हे, तिची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालय म्हणाले. आणि त्यांना ती जगायला हवी होती. गंमत अशी, की इतर रुग्णांसाठी उपचार थांबवण्याची वाट याच निकालाने उघडली. २०१८ आणि २०२३ च्या आदेशांनी ती रुंद झाली.

निकालानंतर परिचारिकांनी मिठाई वाटली, तेव्हा मी संतापलो होतो. आता वाटते, घास भरवणाऱ्या हातांना काही कळत असावे. तरीही अरुणाला काय हवे होते, हे कोणालाच विचारता आले नाही, ही बोच राहतेच.

सहा वर्षे अण्णांचे सारे करणाऱ्या वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"वहिनी, तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"मागच्या खेपेला नळी काढा म्हणून हातानं खुणा करत होते अण्णा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद दादापुढे सरकवला.